ठरावापासून पाणवठ्यापर्यंत

पुणे जिल्ह्यात लोणी या नावाची गावे एक-दोन नाहीत. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला धामणीशेजारचे लोणी, हवेलीतील लोणी काळभोर आणि लोणीकंद, इंदापूरकडील लोणी देवकर, बारामतीकडील लोणी भापकर अशी ही नामावळी बरीच लांबते. यांपैकी लोणीकंदाचे भाग्य थोडे निराळे. पेशवाई बुडून दोन वर्षेही लोटली नव्हती, तोच थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने त्या गावाची बारकाईने पाहणी केली. तिचा वृत्तान्त १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला व पुढे छापून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील एका खेड्याचे इतक्या तपशिलाने केलेले ते आरंभीचे वर्णन होय. पुढे १९६० साली समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाकडे पुन्हा वळून मधल्या काळात तेथे काय बदलले आणि काय बदलले नाही, याचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला.

आंबेगावच्या लोणीला असा कोट्स लाभला नाही आणि घुर्येही लाभले नाहीत. तथापि देशावरच्या एका जुन्या गावाची मांडणी समजली की आसपासच्या शंभर गावांची समजते. गावाला तट किंवा निदान वेस, वेशीजवळ मारुतीचे देऊळ, मध्ये चावडी, पाटलाचा वाडा, त्याभोवती कुणबी-मराठ्यांची घरे, एका बाजूस सुतार-लोहारांची कामठी, आणि वेशीच्या बाहेर महारवाडा व मांगवाडा. ही मांडणी कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेली नव्हती. म्हणूनच ती कोणत्याही कायद्याहून अधिक काळ टिकली.

गावाचा कारभार गावाच्या हाती असावा, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. पण गाव म्हणजे नेमके कोण? वेशीच्या आत राहणारे, की बाहेर राहणारेही? स्थानिक स्वराज्यसंस्थांनी समाजातील सर्व घटकांना सामावून घ्यावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या संस्थांना हे काम साधते केव्हा आणि फसते केव्हा, हे इतिहासाला विचारणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

पांढरी आणि वेस

इंग्रजी अमलापूर्वी गावाचा कारभार बव्हंशी गावच पाहत असे, ही गोष्ट खरी. वस्तीच्या जागेला पांढरी व पिकाऊ जमिनीला काळी म्हणत. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे कारभारी. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग हे बलुतेदार. आणि वतनाचा किंवा हद्दीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे या सर्वांना घेऊन बसणारी गोतसभा. तिचा निवाडा ज्या कागदावर लिहिला जाई, त्याला महजर म्हणत. अक्षरशत्रू गावकरी त्या कागदावर आपापल्या धंद्याची निशाणी करीत; पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे. गावची शीव कोठून जाते याविषयी महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. हे सारे पाहून १८३० साली चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील खेडी म्हणजे लहान लहान प्रजासत्ताकेच होत, असे मत नोंदविले. पुढे अनेक देशी विचारवंतांनाही हे चित्र मोहवीत राहिले.

परंतु चित्राची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ज्याच्या साक्षीने गावाची शीव ठरे, त्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. रात्री वेशीची राखण तो करी, पण त्याचे बिऱ्हाड वेशीबाहेर. सरकारी वसूल तालुक्याला पोचविण्यास तो सोबत जाई, पण चावडीवर त्याने अंतर राखूनच उभे राहावे असा दंडक. महसूल खात्यात नोकरी केलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे अंतरंग उलगडून दाखविले आहे. त्यात बलुतेदारांप्रमाणेच गावोगाव भटकणाऱ्या फिरस्त्यांचाही विचार आहे. त्यांना तर वेशीबाहेरचीही जागा कायमची नव्हती. जुन्या गावाने प्रत्येकाला काम दिले होते. माणूस म्हणून मात्र सर्वांना जवळ केले नव्हते. कामापुरते आत आणि बाकी वेळी बाहेर, असा हा व्यवहार होता. आजच्या भाषेत ज्याला समावेश म्हणतात, तो याहून वेगळा आहे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

नव्या पद्धतीच्या स्थानिक संस्था इंग्रजी राजवटीत आल्या. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो एका गृहस्थाचा, स्वतःच्या मालमत्तेपुरता निर्णय होता. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पण ते सरकारने नेमलेले, लोकांनी निवडलेले नव्हेत. १८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली. मतदानाचा अधिकार मात्र मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या कसोटीने थोड्यांनाच मिळाला. साहजिकच बोर्डाच्या खर्चाने विहिरी खोदल्या गेल्या, शाळा निघाल्या, धर्मशाळा बांधल्या गेल्या. पण त्यांचा उपभोग कोणी घ्यावा, हे जुन्या गावानेच ठरविले. पैसा सर्वांचा आणि पाणी काहींचे, अशी ही स्थिती होती.

तिला पहिला मोठा छेद ४ ऑगस्ट १९२३ रोजी गेला. त्या दिवशी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे कळविले. कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. एका छोट्या गावाच्या स्थानिक संस्थेने उचललेले हे पाऊल त्या काळी लहान नव्हते.

मात्र पुढे तीन वर्षे तळ्याच्या काठावर काहीच घडले नाही. ठराव दप्तरात होता आणि पाणी तळ्यात होते. मधले अंतर कोणी चालून गेले नाही. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना तळ्यावर जाण्याचे धैर्य नव्हते, आणि ज्यांनी ठराव केला त्यांनी त्यांना हाताला धरून नेले नाही. बोले यांना ही कुचंबणा दिसत होती. म्हणून १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, असे त्यात सुचविले होते. सदिच्छेला पैशाची जोड दिल्याशिवाय ती हलत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

अखेर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारीही तिच्या उभारणीत होते. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर गावात अफवा उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर काही सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा करून न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविला. तो दावा खालच्या न्यायालयांतून वर जात राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. पहिल्या ठरावापासून तेरा वर्षांनी महाडच्या तळ्याचा प्रश्न कायद्यापुरता सुटला.

महाडची ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली, त्याला कारण आहे. स्थानिक संस्थेचे बळ आणि तिचे दौर्बल्य ही दोन्ही येथे एकाच तळ्याच्या पाण्यात दिसतात. जी नगरपालिका गावकीचा विरोध पत्करून तळे खुले करते, तीच गावकीचा दाब वाढताच तळे बंदही करते. ती लोकांच्या जवळ असते. म्हणून लवकर ऐकते, आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांचेच लवकर ऐकते.

हक्काची जागा

हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला कसून विरोध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, प्रत्येक प्रौढाला मत दिले तरी गावोगाव अल्पसंख्य असलेल्या अस्पृश्यांचा माणूस त्या मताने निवडून येणार नाही. पंचायतीला अधिकार द्यावयाचे असतील तर आधी त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या पाहिजेत. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत त्यांनी मेटकाफच्या त्या प्रजासत्ताकांचा उल्लेख करून खेड्याविषयी अत्यंत कठोर मत मांडले. पुष्कळ सभासद नाराज झाले. त्याच महिन्यात ग्रामपंचायती संघटित करण्याचे तत्त्व संविधानात घालण्यात आले. आज ते चाळीसावे कलम म्हणून ओळखले जाते. एका बाजूला गांधीजींचे ग्रामस्वराज्य आणि दुसऱ्या बाजूला आंबेडकरांचा इशारा, अशा दोन टोकांमध्ये स्वतंत्र भारताची ग्रामपंचायत जन्माला आली. आमच्या मते या दोहोंपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. गांधीजींनी गावाला अधिकार मागितला. आंबेडकरांनी त्या अधिकारात वेशीबाहेरच्याचा वाटा मागितला. पहिली मागणी दुसरीवाचून धोक्याची आहे.

कायद्याची पावले मग हळूहळू त्या दिशेने पडत गेली. महार वतनाची बेडी तोडण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ सालीच विधेयक आणले होते. ते वतन प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने संपले. त्याच वर्षी मुंबई ग्रामपंचायत कायदाही झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. ग्रामीण भागातील सत्तेचे केंद्र वाड्यातून सभागृहात आले. परंतु वाड्यातील माणसेही पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ सभागृहात आली.

पाणवठा मात्र जागच्या जागीच होता. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम हाती घेतली. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केल्याला दोन तपे होत आली होती, १९५५ चा अस्पृश्यता-प्रतिबंधक कायदाही होता. तरी गावोगाव हिंडल्यावर जे दिसले ते महाडच्या पूर्वीचेच दृश्य होते. सरकारी अनुदानाची विहीर कागदावर सर्वांची असे. प्रत्यक्षात दलित स्त्रिया दूर उभ्या राहून कोणी वरून पाणी वाढील याची वाट पाहत. कित्येक ठिकाणी दलित वस्तीसाठी निराळी विहीर खोदून दिलेली असे आणि तीच प्रगती म्हणून दाखविली जाई. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निराळी विहीर देणारी संस्था दुष्ट नव्हती. तहान भागावी, तंटा टळावा असाच तिचा हेतू होता. पण त्या विहिरीच्या रूपाने सार्वजनिक पैशातून वेस नव्याने बांधली गेली.

स्त्रियांचा प्रवेश हा या इतिहासाचा दुसरा धागा. पुणे जिल्ह्यातच, बारामती तालुक्यातील निंबुत येथे १९६३ साली सर्व सभासद स्त्रिया असलेली ग्रामपंचायत निवडून आली होती; पण ते अपवादात्मक उदाहरण राहिले. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांच्या राखीव जागांना संविधानाचे कवच मिळाले. सरपंचपदही या राखीवतेच्या फेऱ्यात आले. १९९४ मध्ये राज्याने इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा ठेवल्या. २०११ साली स्त्रियांचा वाटा ५० टक्के झाला.

राखीव जागेवर आलेल्या बाईंची खुर्ची तिच्या यजमानांनीच चालविली, असे प्रकार पुष्कळ झाले. 'सरपंचपती' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण ज्या चावडीच्या पायरीवर बाईने पदर सावरून, मान खाली घालून जावे असा रिवाज होता, तेथे तिचे नाव फलकावर लागले, सही तिची लागू लागली, हा बदल लहान नव्हे. पहिल्या खेपेला सही करणारी बाई दुसऱ्या खेपेला सहीआधी कागद वाचू लागली, असेही धर्मग्रामाच्या कामानिमित्त खेड्यांतून हिंडताना आम्ही पाहिले आहे. ग्रामसभेआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात आहे; ती मनापासून पाळणारी गावे किती, हा प्रश्न वेगळा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने केलेला ठराव या संदर्भात मोलाचा आहे. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा आपल्या गावात बंद कराव्यात, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. महाडला वरून खाली आलेला विचार येथे खालून वर गेला. मात्र हेरवाडचीही कसोटी महाडचीच आहे: ठराव झाल्यानंतर हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवाला विधवा भगिनीला बोलावणे जाते का?

आंबेगाव-जुन्नर : पश्चिम आणि पूर्व

आता पुन्हा आपल्या टापूकडे येऊ. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांना दोन तोंडे आहेत. पश्चिमेस भीमाशंकर-नाणेघाटाकडील डोंगर, मुसळधार पाऊस, भातखाचरे, आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या. मध्ये घोड, मीना, कुकडी या नद्यांच्या काठचा बागायती पट्टा. आणि पूर्वेस लोणी-धामणीसारखी गावे, जेथे पाऊस तोकडा आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ नेहमीची. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाच्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. धरणाचे पाणी पूर्वेकडील शेतांना गेले. त्यासाठी आदिवासींची घरे-खाचरे बुडाली. लाभ एका वस्तीचा आणि मोल दुसऱ्या वस्तीने द्यावयाचे, हा व्यवहार गावगाड्यातून तालुक्याच्या नकाशावर आला, इतकेच.

डोंगरातील ग्रामपंचायतीची अडचण निराळी असते. चार-सहा वाड्या मिळून एक पंचायत. सभा मुख्य गावात. दूरच्या वाडीच्या माणसाने मजुरी बुडवून यावे आणि मागे उभे राहून परत जावे. यावर १९९६ च्या पेसा कायद्याने उपाय सुचविला. अनुसूचित क्षेत्रातील प्रत्येक वाडी-पाड्याला स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि जमीन, जंगल, पाणी यांविषयी तिचे मत घेतले गेले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेकडील गावे या क्षेत्रात येतात. कायदा होऊन अठरा वर्षे झाल्यावर, २०१४ साली, महाराष्ट्राने त्याचे नियम केले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीचा पाच टक्के भाग थेट अशा ग्रामपंचायतींना मिळू लागला. सभेला कोशाची जोड मिळाली. बोले यांनी १९२६ साली जे ओळखले होते, त्याचीच ही सरळ बाजू.

ज्या वर्षी हे नियम झाले, त्याच वर्षी ३० जुलै रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जीव गेले. पुढे आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये ते लोकांच्या स्वाधीन झाले. दुर्घटनेची पहिली खबर बाहेर पोचली ती गावात नित्याप्रमाणे गेलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. हा तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. जी वस्ती कारभाराच्या नित्य दृष्टीत नसते, तिच्यावरचे संकटही कोणीतरी योगायोगाने पाहावे लागते.

मधल्या बागायती पट्ट्यात नवी वेस उभी राहिली आहे, ती जुन्या नजरेला चटकन दिसत नाही. पारगावचा भीमाशंकर आणि जुन्नरचा विघ्नहर या साखर कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून व इतर भागांतून ऊसतोड कामगार येतात आणि चार-पाच महिने फडाकडेला कोप्या घालून राहतात. त्यांचे मत दुसऱ्या गावात, रेशन दुसऱ्या गावात, मुलांची शाळा दुसऱ्या गावात. इथल्या ग्रामसभेत त्यांना शब्द नाही, कारण ते इथले नव्हेत. तिथल्या ग्रामसभेत नाही, कारण ते त्या वेळी तिथे नसतात. 'गावगाडा'तील फिरस्त्यांचे हे आजचे रूप म्हटले तर चुकणार नाही.

आपल्या समाजापुरते

या इतिहासात आपला ख्रिस्ती समाज कोठे आहे? महाराष्ट्राच्या खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांपैकी फार मोठा भाग महार व मांग समाजांतून आलेला. उपासना बदलली तरी घर पूर्वीच्याच वस्तीत राहिले, आणि गावाची नजरही पूर्वीचीच. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, परंतु अट तशीच राहिली. परिणाम असा की, एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन भावकींपैकी एक अनुसूचित जातीच्या राखीव प्रभागातून उभी राहू शकते आणि दुसरी नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गीयांत होते. त्या जागाही मार्च २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दीर्घकाळ अनिश्चिततेत सापडल्या. निवडणुका लांबत गेल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या पुणे जिल्हा परिषदेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे राहिला. लोकांची सभाच जेथे भरत नाही, तेथे समावेशाचा विचार कोणी करावयाचा?

मात्र गाऱ्हाणे मांडताना आपले अंगणही पाहिले पाहिजे. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितविषयक धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही भेदभाव चालतो याची कबुली त्यात होती. शोमरोनी स्त्रीकडे विहिरीवर पाणी मागणाऱ्या प्रभूचे अनुयायी म्हणविणाऱ्यांना पाणवठ्याचा हा धडा दुसऱ्याने शिकवावा लागू नये. दफनभूमीची जागा मागण्यासाठी आपण पंचायतीकडे अर्ज घेऊन जातो, ते योग्यच आहे; पण शेजारच्या कातकरी वाडीला नळ मिळावा म्हणून आपल्यापैकी कितीजण ग्रामसभेत उभे राहिले?

इतिहास काय सांगतो

गेल्या शंभर वर्षांच्या या वाटचालीतून आम्हाला काही गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, समावेश हा गावाच्या औदार्यावर सोडला तर तो कामापुरताच राहतो. त्याला हक्काची जागा लागते, आणि ती जागा बहुधा वरच्या कायद्याने द्यावी लागते. दुसरी, जागा मिळाली तरी सभा खुली हवी आणि ती दुबळ्यांच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी भरावयास हवी. तिसरी, ठरावामागे पैसा हवा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा दंडक आहे. हा पैसा गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, हा साधा प्रश्न ग्रामसभेत विचारला तरी पुष्कळ काही हलते. आणि चौथी, या तिन्ही गोष्टी असूनही कोणीतरी ठरावापासून पाणवठ्यापर्यंतचे अंतर चालून जावे लागते. महाडला ती माणसे मैलोगणती चालून आली होती.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत हे उचितच झाले. परंतु पाटी बदलल्यावर त्या वस्तीपर्यंतचा रस्ता डांबरी झाला का, नळाला पाणी त्याच वेळी व तितकाच वेळ येते का, स्मशानाकडे जाणारी वाट सर्वांची एकच आहे का, हे पाहणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे आणि ग्रामसभेला बसणाऱ्या प्रत्येकाच्याही हाती आहे. कोट्सने दोनशे वर्षांपूर्वी लोणीकंदाच्या घराघराची नोंद केली ती परक्या सरकारच्या उपयोगासाठी. तशीच नोंद आज आंबेगावच्या लोणीने, किंवा आपण राहतो त्या कोणत्याही गावाने, स्वतःसाठी करावी: कोणत्या वस्तीला किती नळ, कोणत्या वस्तीतून सभेला कोण येते, कोण कधीच येत नाही, फडावरच्या कोप्यांतील मुले शाळेत जातात की नाही. या नोंदीसाठी ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च. येत्या ग्रामसभेत कोणीतरी ती मागावी लागेल. आपल्या वाचकांपैकी काहींनी तरी ती मागावी, एवढीच आमची विनंती आहे.